आप्पांच्या खुर्चीजवळची बटणं

लोक डॉक्टरला जीभ काढून दाखवतात, शिंप्यापुढे पोट सोडून उभे राहतात, न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली निमूटपणे मान देतात. पण वीज तपासायला माणूस दारात आला, की त्याच लोकांचा एकाएकी स्वाभिमान जागा होतो. 'मेन स्विच कुठे आहे?' एवढं विचारलं तरी मी तिजोरीची किल्ली मागितल्यासारखं बघतात.

मी वीज निरीक्षक आहे. कुणाला नवी जोडणी हवी असेल, किंवा आहे ती वाढवून हवी असेल, तर आधी त्या घराची वायरिंग तपासून दाखला द्यायचं काम माझं. आजवर मी एकही घर डोळे मिटून पास केलेलं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी मारायचीच तर माझ्याकडे याहून चांगल्या गोष्टी आहेत. पण घरमालक या जमातीनं मला जेवढं छळलं, तेवढं कुणी कुणाला छळू नये. एका बाईंनी तीन पायांचा प्लग भिंतीत बसत नाही म्हणून तिसरा पाय करवतीनं कापला होता आणि 'दोन पायांवर माणूस चालतो, मग मिक्सर का नाही?' असा मलाच सवाल केला होता. एका गृहस्थांनी जळका बोर्ड दिसू नये म्हणून त्याच्यापुढे कपाट सरकवलं, कपाटापुढे सोफा, आणि सोफ्यावर सासूबाईंना बसवलं. आता सासूबाईंना उठवायचा अधिकार कुठल्याही कायद्यानं मला दिलेला नाही. आणि सगळ्यांचं पालुपद एकच. "साहेब, इतकी वर्षं काही झालं नाही!" अहो, जे काही व्हायचं असतं ते कधीतरी पहिल्यांदाच होतं ना?

तर अशा सगळ्या घरमालकांना पुरून उरलेला मी, माझ्याच मेव्हणीच्या घरी आडवा झालो.

मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. हाताला विलक्षण चव. तिनं घरीच बिस्किटं भाजून विकायचं ठरवलं. चौकातल्या दुकानदारानं तिची बिस्किटं खाल्ली आणि महिनाअखेरीपासून रोज माल घ्यायचं कबूल केलं. तिनं स्वतःची साठवण मोडून मोठा स्टीलचा ओव्हन आणला. पण त्या ओव्हनला पेलेल एवढी वीज घरात नव्हती. जोडणी वाढवायला हवी, त्यासाठी दाखला हवा, आणि तो भाग माझ्याकडे. तोवर ओव्हन खोक्यातच समोरच्या खोलीत पडून होता आणि त्यावर तिच्या सासऱ्यांचं वर्तमानपत्र, चष्मा नि पाण्याचा तांब्या विराजमान झाला होता. उशीर झाला तर दुकानदार दुसरीकडून माल घेणार होता. तसं त्यानं स्पष्टच सांगितलं होतं.

नात्यातलं घर आपण तपासू नये, एवढं मला कळतं. मी रीतसर अर्ज केला, की दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेबांनी नियमांचं पुस्तक काढून बोट फिरवलं.

"यात सासरे आहेत," साहेब म्हणाले. "मेव्हणे आहेत. साडूसुद्धा आहेत. घर कोणाच्या नावावर आहे?"

"मेव्हणीच्या सासऱ्यांच्या."

"मेव्हणीचे सासरे यात नाहीत. म्हणजे ते तुमचे कोणीच नाहीत. जा."

ते माझे कोणीच नाहीत, हे मेव्हणीच्या सासऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी घराची वायरिंग तरुणपणी स्वतःच्या हातानं केलेली. सांगायची गोष्ट म्हणजे, घरातल्या प्रत्येक दिव्याचं, पंख्याचं आणि प्लगचं बटण एकाच जागी आहे. आप्पांच्या आरामखुर्चीजवळच्या भिंतीवर. वीज वाया जाऊ नये म्हणून त्यांनीच काढलेली ही युक्ती. स्वयंपाकघरात दिवा हवा असेल तर स्वयंपाकघरातून ओरडायचं, "आप्पा, स्वयंपाकघर!" मग आप्पा विचारणार, "कशाला?" कारण पटलं तर बटण दाबणार. "आप्पा, माडी!" "कशाला?" "आप्पा, बाथरूम!" "कशाला?" यापुढचं उत्तर ज्यानं त्यानं आपापल्या संकोचानुसार द्यायचं. घरात कोण केव्हा कुठे जातं आणि कशाला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पाहुणा म्हणून जायचो तेव्हा मी हे ऐकायचो आणि चहाबरोबर मूग गिळून गप्प बसायचो. मेव्हणीच्या घरात आपण कशाला तोंड घाला?

निघताना बायको म्हणाली, "अहो, फार खोलात शिरू नका. जायचं, सही करायची, यायचं. ती बिचारी डोळे लावून बसली आहे."

"सहीच करायची तर मला कशाला पाठवतात? शिपाईही करील," मी बाणेदारपणे म्हणालो. अशी उत्तरं मला वेळेवर सुचतात. त्यांची किंमत मागाहून कळते.

मी पिशवी घेऊन गेलो. आप्पा म्हणाले, "या साहेब! आज नातेवाईक म्हणून आलात की सरकार म्हणून?"

"सरकार म्हणून."

"मग चहा नाही," आप्पांनी निकाल दिला. "बूट बाहेर काढा."

मी बूट-मोजे काढले. ही माझी पहिली चूक. मेन स्विच बंद करू द्या म्हटलं तर म्हणाले, "कशाला? चालू असताना तपासा की. बंद असलेली वीज काय, कुणीही तपासील." माझा साडू, म्हणजे त्यांचा मुलगा, बाजूलाच उभा होता. मी त्याच्याकडे आशेनं पाहिलं. तो म्हणाला, "आप्पा म्हणतात तसं." लग्न झाल्यापासून मी त्याच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलेलं नाही.

बाथरूमपासून सुरुवात केली. आत जाऊन मी गीझरची वायर बघत होतो, तोच दिवा गेला.

"आप्पा, बाथरूम!" मी ओरडलो.

"कशाला?"

"तपासतोय!"

"मघाशी लावला होता की. एवढा वेळ लागतो?"

माझं ज्ञान, माझा अनुभव आणि माझा हुद्दा यांचा विचार करून सावकाश बाहेर यावं म्हणून मी वळलो आणि माझा पाय बादलीत गेला. बादली आडवी झाली, मीही झालो. उठलो तेव्हा गुडघ्यापर्यंत निथळत होतो. पाय पुसायला काहीतरी हवं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजच्या दांडीला एक स्वच्छ नॅपकिन लटकत होता. फ्रिजपुढे रबरी चपलांचा जोड नीट मांडून ठेवलेला होता. मी शिस्तीचा माणूस. स्वयंपाकघरात कसल्या चपला, असं मनाशी म्हणत त्या मी पायानं बाजूला सारल्या आणि नॅपकिनसकट दांडी धरली.

पुढचं वर्णन करणं माझ्या हुद्द्याला शोभणारं नाही. हात सुटेना. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून मी लोकांना सावध केलं, ती माझ्या खांद्यापर्यंत पोचली होती.

"आप्पा, फ्रिज! बंद! बंद करा!"

समोरच्या खोलीतून शांत आवाज आला, "कशाला?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. मेव्हणी म्हणते, ते आठवलं नाही तेच बरं. तिनं धावत येऊन झाडूच्या लाकडी दांड्यानं माझ्या मनगटावर असा सफाईदार फटका मारला, की मी सुटलो आणि भेलकांडत समोरच्या खोलीत ओव्हनच्या खोक्यावर जाऊन बसलो, आप्पांच्या चष्म्यासकट.

"लागलं का भाऊजी?" मेव्हणी म्हणाली. "मागच्या आठवड्यात यांनाही असंच सोडवलं."

साडूनं मान डोलावली.

"अगं, पण फ्रिजला करंट येतो हे सांगायचं नाही?"

"चपला ठेवल्या होत्या ना समोर! त्या घालूनच उघडायचा असतो. पाहुण्यांसाठी वेगळा जोड आहे, कपाटात."

"तुम्ही चपला घातल्या नाहीत," आप्पा मोडका चष्मा न्याहाळत म्हणाले, "त्यात फ्रिजचा काय दोष?"

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारचे डॉक्टर आले. हे डॉक्टर नव्हेत. औषधाच्या दुकानात खोकी मोजायचे. निवृत्त झाल्यावर गल्लीनं त्यांना ही पदवी दिली. त्यांनी माझी नाडी धरली, घड्याळ नसलेल्या स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान. थोडा करंट अंगात गेलेला बरा असतो. रक्त मोकळं होतं. आप्पा रोज सकाळी घेतात."

"काय घेतात?"

"कोपर दुखतं माझं," आप्पा म्हणाले. "चप्पल घालून, एका बोटानं, फ्रिजला. उपचारापुरतं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

मी डोक्याला हात लावला. तोही अजून झिणझिणत होता.

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. मेन स्विच स्वतः बंद केला आणि अर्थिंगची तार धरून निघालो. ही तार म्हणजे घराची चोरवाट असते. वीज कुठे भलतीकडे शिरली तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता या तारेवाटे मुकाट्यानं जमिनीत जावं, अशी सोय. आप्पांची तार बोर्डावरून निघाली, खिडकीतून बाहेर पडली, भिंतीवरून वळसा घेऊन न्हाणीच्या नळाला पोचली आणि तिथे पाइपाला घट्ट गुंडाळलेली होती. मी पाइपावर टिचकी मारली. प्लास्टिक!

पूर्वी तिथे लोखंडी पाइप होता आणि तो थेट जमिनीत जात होता. तो गंजला म्हणून प्लंबरनं काढला, प्लास्टिकचा बसवला, आणि आप्पांची तार इमानेइतबारे पुन्हा त्याच्याभोवती गुंडाळून दिली. तेव्हापासून ती तार कुठेच जात नव्हती. फ्रिजमधून गळणारी वीज बिचारी नळापर्यंत जायची आणि वाट बंद म्हणून परत यायची.

"हो की!" मेव्हणी म्हणाली. "नळ बदलला त्याच सुमाराला चपला आल्या."

"म्हणजे फ्रिज नाही, नळ नादुरुस्त आहे," डॉक्टरांनी निदान केलं.

मी घर नापास केलं. अर्थिंग नाही, फ्यूजमध्ये बोटाएवढी जाड तार, आणि ओव्हनचं बटण ओव्हन बसणार त्या जागेपासून तीन खोल्या लांब. आप्पांनी ओव्हनच्या खोक्यावर पुन्हा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही." मेव्हणी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले. फ्रिजचा झटका बरा म्हणायचा.

घरी वेगळाच प्रकार. बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं. ताट आदळायचं, पाणी आदळायचं, आणि भिंतीकडे बघून म्हणायचं, "काही माणसांना स्वतःची बहीण नसते ना, म्हणून." वास्तविक मला दोन बहिणी आहेत. पण भिंतीशी कोण वाद घालणार? तिकडे डॉक्टरांनी गल्लीत सांगितलं, की निरीक्षकच विजेला घाबरला, हात लावताच किंचाळला. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. आप्पांनी तर वायरमनला दारातूनच परत पाठवलं. माझी बटणं हलवायची नाहीत म्हणाले. महिनाअखेर जवळ येत होती.

रविवारी मी पिशवी न घेता गेलो. बूट न काढता.

"आज नातेवाईक म्हणून आलोय," मी म्हणालो.

"मग चहा मिळेल," आप्पा म्हणाले, आणि आत हाक दिली, "सूनबाई, चहा!" आतून आवाज आला, "आप्पा, स्वयंपाकघर!" "कशाला?" "चहाला!" आप्पांनी बटण दाबलं. दाबताना त्यांचा खुललेला चेहरा मी नीट पाहिला. एरवी मी बटणंच बघत असतो.

"आप्पा," मी म्हणालो, "मी त्या फ्रिजला चिकटलो होतो तेव्हा तुम्ही मला कशाला म्हणून विचारलंत. त्या वेळी माणसाकडे कारण सांगायला सवड नसते हो. माझ्या जागी सूनबाई असती, आणि तिला सोडवायला सूनबाई नसती, तर?"

आप्पांनी बटणांवरून सावकाश बोट फिरवलं. चहा आला, गार झाला.

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" ते म्हणाले. "वायर जुनी झाली, मी जुना झालो. सगळं कळतं. पण ही गेल्यापासून मी या खुर्चीत असतो. मुलगा बोलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. सूनबाई दिवसभर कामात. पण दिवसातून पन्नास वेळा कुणी ना कुणी आप्पा म्हणून हाक मारतं. बटणं खोल्याखोल्यांत गेली, की मला कोण हाक मारणार? कशाला मारतील?"

मी इतकी घरं तपासली, पण भिंतीवरची बटणं माणसाला अशी लागतात हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. मला गलबलून आलं. पण मी माझ्या कामात पक्का आहे. गहिवर आला म्हणून काही मी प्लास्टिकच्या पाइपाला अर्थिंग म्हणणार नव्हतो.

"आप्पा, ओव्हनचं बटण सूनबाईच्या हाताशीच हवं. दिवेही ज्याच्या त्याच्या खोलीत," मी म्हणालो. "पण घराचा नवा मेन स्विच कुठे बसवायचा हे अजून ठरलेलं नाही. तो अशा ठिकाणी हवा, की कायम कुणीतरी जागेवर असेल. कुणी ओरडलं तर त्यानं त्या क्षणी सगळं घर बंद करायचं. असा जबाबदार माणूस मला या घरात एकच दिसतो."

आप्पा खुर्चीत सरळ झाले. "सगळं घर?"

"सगळं. ओव्हनसकट. फक्त एक अट. कशाला, असं विचारायचं नाही. आधी बंद, मग चौकशी."

"आणि लावायचं असेल तेव्हा?"

"तेव्हा विचारा की. लावताना घाई कसली?"

दारात साडू उभा होता. तो म्हणाला, "भाऊजी म्हणतात तसं." आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली होती.

वायरमन आला. आप्पांनी खुर्ची त्याच्यामागे खोलीखोलीत हलवून देखरेख केली आणि तो वेडा कसा झाला नाही हे तोच जाणे. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, त्यावर डॉक्टरांनी तीन वेगवेगळी मतं दिली. फ्रिज दुरुस्त झाला. चपला गेल्या. आप्पांचं कोपर पुन्हा दुखू लागलं, त्याला मी खऱ्या डॉक्टरचा पत्ता दिला. मी स्वतः पुन्हा तपासणी केली, बूट घालून, आणि एकेक तार बघून घर पास केलं. वाढीव जोडणी महिनाअखेरीच्या आधी मिळाली. बायको भिंतीशी बोलायची थांबली.

पहिली बिस्किटं भाजायची त्या संध्याकाळी आम्ही सगळे जमलो. डॉक्टर न बोलावता आले. खोक्यातून निघालेला ओव्हन स्वयंपाकघरात लखलखत होता, त्याचं लाल बटण मेव्हणीच्या हाताशी. दुकानदाराचा माणूस बाहेर थांबला होता. सगळ्या घराला लोण्याचा वास सुटला. आप्पा खुर्चीत बसले होते, एक हात नव्या मेन स्विचवर, पहाऱ्यावरच्या शिपायासारखे.

पहिली थाळी निघाली. मेव्हणीनं दुसरी आत सरकवली आणि पहिलं बिस्किट माझ्यापुढे केलं. "भाऊजी, मान तुमचा." मी ते अख्खं तोंडात टाकलं. ते ओव्हनमधून नुकतंच निघालं होतं, ही गोष्ट माझ्या जिभेला माझ्याआधी कळली.

"आई गं!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

खाट्! सगळं घर अंधारात बुडालं. ओव्हन थांबला, पंखा थांबला, डॉक्टर बोलायचे थांबले. कशाला म्हणून कुणी विचारलं नाही. वाक्य संपायच्या आत वीज गेली होती. माझ्या सबंध नोकरीत इतका चोख मेन स्विच मी पाहिलेला नाही.

"वाचलात ना?" अंधारातून आप्पांचा आवाज आला. इतका आनंदी आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"वाचलो, आप्पा," मी भाजलेल्या जिभेनं सांगितलं.

मेव्हणी चाचपडत दारापर्यंत आली. आत दुसरी थाळी अर्धीकच्ची होती आणि बाहेर दुकानदाराचा माणूस ताटकळत होता. तिनं हसू आवरत हाक मारली, "आप्पा, सगळं घर!"

आणि खुर्चीतून, अगदी सावकाश, उत्तर आलं, "कशाला?"